बाटल्यांतला भंडारा

पुसेगावची माझी बहीण कौसा दर भेटीला विचारते, हैदराबादला जाऊन तू काय पाहिलंस. मी दर वेळी ‘मोठं गाव आहे’ एवढंच सांगते आणि ती चिडते. चार बायका बसल्या की माझ्या तोंडून शब्द निघत नाही. लिहायला मात्र कुणासमोर बसावं लागत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्यावर जमेल तसं लिहिते आहे. वाटलं तर कौसाच्या सुनेला वाचायला देईन, नाही तर राहील पेटीत.

फिरणं मला नवीन नाही. आमचं घर गोरेगावजवळ, पण दिवाळी झाली की आम्ही मेंढरांमागे निघतो. कळमनुरीच्या पलीकडे पैनगंगेच्या काठापर्यंत मी पायी गेले आहे, डोक्यावर बिऱ्हाड आणि कडेवर लेकरू घेऊन. त्याला कुणी प्रवास म्हणत नाही. तिकीट काढून केलेला हा माझा पहिलाच. हिंगोली नवा जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती.

गेले ते माझ्या लेकीसाठी. रेणू गोरेगावच्या शाळेत शिकली, हिंगोलीला कॉलेज केलं आणि पुढे हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पीएच. डी. करायला गेली. तिचं काम लांडग्यांचं. जनावराला न पकडता, रक्त न काढता, नुसत्या विष्ठेवरून ते कोण आहे हे ओळखायचं. विष्ठा बाहेर पडताना आतड्याचे बारीक कण तिला चिकटतात आणि त्या कणांत जनावराची सगळी वंशावळ असते, असं तिनं मला समजावलं होतं. आम्ही मेंढक्या कोकरू कोणत्या मेंढीचं ते तोंडावरून सांगतो. बाप कोण, हे मात्र कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. रेणूचं मशीन बापसुद्धा सांगतं.

तिचा प्रबंध पूर्ण होत आला होता. शेवटचं एक प्रकरण राहिलं होतं, ते आमच्याच माळाचं. आमच्याकडे गावं दाट आणि कुत्री फार. माळावरचे लांडगे अजून खरे लांडगे राहिलेत की कुत्र्यांत मिसळलेत, हे तिला पाहायचं होतं. माघात तिला मशीनची पाळी मिळाली होती, पण आधीच्या नमुन्यांचं काम हातात असल्यामुळे तिला गावी येता येईना. दिवाळीत आली तेव्हाच थर्माकोलची पेटी, स्पिरिट भरलेल्या बाटल्या आणि रबरी हातमोजे घरी ठेवून गेली होती. नमुने गोळा करून मी घेऊन जायचे असं ठरलं.

रेणूच्या वडिलांना, तिच्या आबांना, हे काही पसंत नव्हतं. शिरड शहापूरचं एक स्थळ वर्षभर थांबून होतं. माणसं चांगली, मेंढरं आणि ओलिताचं शेत, दोन्ही. यांनी पाडव्यापर्यंत मुदत दिली होती. पाडव्याच्या आत प्रबंध जमा झाला तर पुढचं रेणू ठरवील, नाही झाला तर हे शिरड शहापूरला होकार कळवणार. यांच्या शब्दात फरक पडत नाही, हे रेणूलाही ठाऊक होतं.

“लांडग्यानं माझ्या बापाची मेंढरं खाल्ली, माझी खाल्ली,” हे म्हणायचे, “आता पोरगीबी खाऊन राहिला.”

त्या वर्षी चारा बरा होता म्हणून मेंढरं घरच्याच माळावर होती. मी रोज पहाटे माळावर जाऊ लागले. दोन पायवाटा मिळतात तिथे, नाही तर उंचवट्यावरच्या दगडावर लांडगा हमखास घाण करतो. विष्ठेत केस असतात, जुनी झाली की पांढरी पडते. जुनी घ्यायची नाही. हे मेंढरं वळवता वळवता माझ्याकडे बघायचे. एकदा म्हणाले, “कोकरं राखायची सोडून त्याची घाण राखून राहिली व्हय?” मी हसले. त्यांनाही थोडं हसू आलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवलं.

रेणूनं बजावून सांगितलं होतं. हात लावू नको, काडीनं उचल, झाकण घट्ट लाव, बाटलीत दुसरं काही जाऊ देऊ नको. मी सगळं तसंच केलं. निघायच्या सकाळी बाटल्या पेटीत मांडल्या, देवापुढे ठेवल्या आणि एकेक उघडून चिमूट चिमूट भंडारा टाकला. आमच्यात भंडाऱ्याशिवाय, देवाच्या हळदीशिवाय, काही होत नाही. लोकर कातरायच्या आधी मेंढ्याच्या पाठीवर भंडारा, नव्या घोंगडीवर भंडारा, पहिल्या चिकात भंडारा. लेकीचं एवढं मोठं काम, त्यावर देवाचा हात नको का? भंडारा म्हणजे ‘दुसरं काही’ असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

नांदेडच्या पुढे

भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, मला गोरेगावच्या जीपमध्ये बसवून हिंगोलीला आणलं आणि नांदेडच्या एस.टी.त बसवून दिलं. हळदीचे दिवस होते. वसमतच्या बाजूला रस्त्याकडेला कढया चढल्या होत्या, हळद शिजत होती आणि त्या वाफेचा वास गाडीत शिरत होता. मला शुभ वाटलं.

नांदेडला मावसभावानं रेल्वेत जागा करून दिली. समोर एक म्हातारी मुसलमान बाई होती. निजामाबादला लेकीकडे चालली होती, नाव फातिमाबी. बसल्या बसल्या तिनं माझं गाव, मुलं, जावई सगळं विचारून घेतलं. मी हो-नाही करत होते. मग तिचं लक्ष माझ्या मांडीवरच्या पेटीकडे गेलं.

“इसमें क्या है? अचार?”

मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.

मुदखेड गेल्यावर गाडीच्या धक्क्यानं एका बाटलीचं झाकण सैल झालं असावं. स्पिरिटचा वास सुटला. लोक इकडेतिकडे बघू लागले. तेवढ्यात तिकीट तपासणारा आला. त्यानं नाक वर करून वास घेतला आणि सरळ माझ्या पेटीवर बोट ठेवलं. दारू आहे का, म्हणून हिंदीत विचारलं. मी काही बोलेना, तसा त्याचा संशय वाढला. खाली उतरावं लागेल, असं म्हणू लागला.

फातिमाबीच मधे पडली. “अजी, ये औरत दारू ले जाने वाली दिखती क्या? खोलके देख लेव ना.”

मी पेटी उघडली. त्यानं एक बाटली उचलली, उजेडाला धरली, झाकण काढून नाकाशी नेली.

“क्या है ये?”

आमच्यात बायका त्याचं नाव उघड घेत नाहीत, ‘मोठं कुत्रं’ म्हणतात. पण आता दुसरा इलाज नव्हता. “लांडग्याची घाण हाये साहेब,” मी म्हणाले. “लेकीला पायजे.”

त्याला मराठी कळत होतं. बाटली त्यानं दोन बोटांनी माझ्या हातात परत दिली आणि हात धुवायला गेला. तो पुन्हा काही आमच्या डब्यात आला नाही. फातिमाबी निजामाबाद येईपर्यंत पदराआड हसत होती. मधेच विचारायची, “बेटी को साडी नक्को, जेवर नक्को, येच होना बोली?” उतरताना तिनं मला दोन उकडलेली अंडी दिली आणि पेटीला लांबूनच सलाम केला.

पुढे तेलंगणातला मुलूख लागला. आमच्याकडे काळी जमीन आणि उघडे माळ. तिथे मोठमोठे दगड एकावर एक ठेवल्यासारखे, मधे भाताच्या हिरव्या चौकटी आणि शिंदीची झाडं. एका तळ्याकाठी एक मेंढका दिसला. खांद्यावर आमच्यासारखीच काळी घोंगडी. गाडी पुढे गेली तरी मी मान वळवून बघत राहिले. त्या दिवसात ओळखीचं वाटलं असं तेवढंच.

प्रयोगशाळा

रेणू स्टेशनवर आली होती. वाळली होती. पाया पडायच्या आधी तिनं पेटी घेतली, मग पाया पडली. मला राग आला नाही.

हॉस्टेलमध्ये तिच्या खोलीत माझी सोय होती. तिकडच्या मेसमध्ये दोन्ही वेळ भात. भातावर चिंचेचं पाणी, भातावर भाजी, शेवटी भातावर दही. सकाळी इडली. पोट भरायचं पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. मी नेलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि लसणाची चटणी रेणूच्या मैत्रिणींनी पहिल्याच दिवशी संपवली. त्यातली एक मणिपूरची होती. चटणी खाऊन तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी ती आणखी मागत होती.

प्रयोगशाळेत चपला बाहेर काढायच्या आणि आतल्या वेगळ्या घालायच्या. विष्ठेची बाटली उघडायची खोली निराळी, मशीनची निराळी. तिकडचं माणूस इकडे आलं तर अंगरखा बदलतं. सोवळं पाळणारी घरं मी पाहिली आहेत, पण एवढं कडक कुठे पाहिलं नाही. फरक एवढाच, की इथे सगळं सोवळं लांडग्याच्या घाणीसाठी. आणि आम्ही ज्याचं नाव घेत नाही त्याचा हा मोठा फोटो भिंतीवर, भांडी ठेवायच्या फडताळाएवढा.

रेणूच्या मोठ्या मॅडम तामिळनाडूच्या. केस बारीक कापलेले, कपाळ मोकळं. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा कच्चं होतं, म्हणून त्यांच्याशी मला बोलता आलं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि काचेतून दिसेल अशा जागी बसवलं.

आत रेणूनं हातमोजे घालून पहिली बाटली उघडली. मग दुसरी. मग सगळ्या ओळीनं टेबलावर ठेवल्या आणि बघत उभी राहिली. स्पिरिट पिवळंधमक झालं होतं. ती बाहेर आली.

“माय, यात काय टाकलं?”

“भंडारा.”

“सगळ्यात?”

“सगळ्यात. एकीलाबी कमी न्हाई केलं.”

ती भिंतीला टेकून खाली बसली, लहानपणी पायात काटा मोडला की बसायची तशी. मला वाटलं, हळद तर आहे, धुतली की जाईल. तसं मी म्हणालेही. मॅडमनी त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं की हळद धुतली तरी तिचा अंश आतल्या औषधात उतरतो आणि मशीनचं काम अडवतो. तरी त्या म्हणाल्या, करून बघू.

दोन दिवस रेणू त्या बाटल्या धूत होती. निराळी औषधं, पुन्हा धुणं, पुन्हा फिरवणं. मी खुर्चीत बसून असायची. कुणी मला काही बोललं नाही, तेच जड जात होतं. घरी असते तर यांनी चार शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि आपलं सांगू लागल्या. त्या तरुणपणी हत्तींवर काम करायच्या, जंगलात हत्तीची लीद गोळा करत फिरायच्या. त्यांची आई नातेवाइकांना सांगायची, मुलगी दवाखान्यात नोकरीला आहे. आई वारली, पण लेकीची प्रयोगशाळा बघायला कधी आली नाही. एकदा सणाच्या सुटीत वीज गेली आणि फ्रीजमधला सगळा उन्हाळा वाया गेला, असं म्हणाल्या. मला आधी कळेना, उन्हाळा फ्रीजमध्ये कसा. मग उमगलं, की एका उन्हाळ्याची सगळी मेहनत.

“फिर?” मी विचारलं.

“फिर दूसरा उन्हाळा,” त्या म्हणाल्या. तो शब्द त्या रेणूकडून शिकल्या असाव्यात.

संध्याकाळी निकाल आला. मशीनला एकाही बाटलीतून काही वाचता आलं नव्हतं. रेणूनं मला मशीनचा कागद दाखवला. जिथे रेघा वर उठायला पाहिजेत तिथे सगळं सपाट होतं.

पाडव्याला महिना सव्वा महिना उरला होता. मशीनची पाळी पुढच्या आठवड्यात संपत होती आणि त्यानंतरची पाळी पार उन्हाळ्यात. रेणू खोलीवर आली आणि चादर पांघरून पडली. म्हणाली, “आबांचं बराबर व्हतं. माझंच चुकलं.”

मी तिला समजवायला गेले नाही, मला ते येत नाही. उठून मॅडमच्या खोलीत गेले. दार वाजवून कुणाच्या खोलीत जायची ती माझी पहिलीच वेळ. नवीन नमुने चार दिवसांत आणले तर चालेल का, एवढं विचारलं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाल्या, चालेल, पण रेणूनं स्वतः जायचं. मग हसून स्वतःच्या कपाळाकडे आणि माझ्या हाताकडे बोट दाखवून नको नको केलं, म्हणजे भंडारा आता नको.

रेणूनं कोपऱ्यावरच्या फोनवरून गोरेगावच्या दुकानदाराला फोन लावला आणि निरोप ठेवला: बाटल्या वाया गेल्या, आम्ही दोघी येत आहोत, आबांना सांगा. फोन ठेवून म्हणाली, “आता ते खूश व्हतील.”

चारमिनार मी पाहिला नाही. कौसा, तू तेच विचारत असतेस म्हणून लिहिते. बसमधून एकदा लांबून दिसला, पण मधे फुगेवाला आला.

पुन्हा माळावर

येताना वसमतकडे हळद अजून शिजत होती. या वेळी मी नाकाला पदर लावला. रेणूनं ते पाहिलं आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

गोरेगावला जीपमधून उतरल्यावर दुकानदारानं सांगितलं, निरोप त्याच दिवशी पोचवला. काय म्हणाले, असं रेणूनं विचारलं. “काहीच न्हाई,” तो म्हणाला. “बाटल्या कशानं वाया गेल्या तेवढं इचारलं. मला काय ठाऊक?”

आम्ही घरी न थांबता माळावर गेलो. नवी विष्ठा मिळणं आपल्या हातात नसतं. लांडगा आठ-आठ दिवस फिरकत नाही, आणि फिरकला तरी विष्ठा मेंढरांच्या पायाखाली तुडवली जाते किंवा आमचीच कुत्री वर घाण करून ठेवतात. रिकाम्या हातानं परत जायचं झालं तर सगळंच संपलं होतं.

लांबून मेंढरं दिसली. पण ती नेहमीच्या वाटेवर नव्हती, पार ओढ्यापलीकडे दाबून ठेवली होती. कुत्री बाभळीला बांधलेली, आम्हाला बघून भुंकायला लागली. दिवसाढवळ्या आम्ही कुत्री कधी बांधत नाही. हे बांधावर बसले होते. घोंगडीच्या खोळीत दोन कोकरं आणि तिसरं मांडीवर.

“कोकरं उघडी काहून?” मी विचारलं. नवी कोकरं आम्ही डालग्याखाली झाकतो. डालगं म्हणजे बांबूची मोठी टोपली. उपडी घालायची, वर दगड ठेवायचा, म्हणजे लांडग्याचं तोंड पोचत नाही.

यांनी काठीनं माळाच्या वरच्या अंगाला दाखवलं.

जिथे दोन पायवाटा मिळतात तिथे आमचं डालगं उपडं घातलेलं होतं. वर दगड. रेणूनं दगड काढला, डालगं उचललं. खाली लांडग्याची विष्ठा होती, ओली, केसांनी भरलेली.

“आज सकाळचं हाये,” हे मागून येत म्हणाले. “वरच्या वाटंला आणखी दोन झाकलेत. एक कालचं, एक परवाचं. हात न्हाई लावला.”

रेणू गुडघ्यावर बसली. हातमोजे घातले, काडीनं उचलून बाटलीत टाकलं, झाकण घट्ट केलं. आम्ही दोघं बाजूला उभे होतो. मग यांनी कनवटीची भंडाऱ्याची पिशवी सोडली, चिमूट घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. बाटल्या कशानं वाया गेल्या ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी घरी देवापुढे सांडलेला भंडारा बघून ओळखलं होतं, हे मला नंतर कळलं.

“बाटलीत न्हाई, आबा,” रेणू म्हणाली आणि कपाळ पुढे केलं.

तीन डालगी मोकळी झाली, कोकरं पुन्हा त्यांच्याखाली गेली. रेणू दुसऱ्या दिवशी सकाळच्याच जीपनं परत निघणार होती. मी चूल पेटवली, हे समोर बसले. शिरड शहापूरला काय कळवायचं, असं मी हळूच विचारलं.

“पाडवा तर व्हऊ दे,” हे म्हणाले. कुत्री सोडून आले, हात धुतले, ताटावर बसले. भाकरी मोडता मोडता म्हणाले, “न्हाई तर असं कर. उद्याच निरोप धाड. थांबू नका म्हणावं.”